फाटकावरची घंटा आणि आबांचे कान

माझं लहानपण ज्या घरात गेलं, त्या घराला अंगण नव्हतं, रूळ होते. कऱ्हाडकडून मिरजेकडे जाणारी अरुंद रुळांची गाडी कृष्णेच्या अंगाअंगानं खाली उतरायची आणि तासगावाकडे जाणारी गाडीवाट जिथं ते रूळ ओलांडायची, तिथं आमचं फाटक होतं. फाटकाला लागून कंपनीनं बांधलेली दगडी चौकी आणि चौकीच्या पाठीला दोन खोल्या. एकीत चूल, दुसरीत आम्ही. समोर रूळ, मागं उसाचा फड, आणि गाव हाकेच्या पलीकडं. सांगली तेव्हा संस्थानाची होती, आम्ही मात्र साताऱ्याच्या मुलखात, इंग्रजाच्या अमलाखाली. आई सांगलीच्या बाजारातून आली की म्हणायची, "राजाच्या गावातनं आले, आता सायबाच्या गावात जेवते."

आबा, म्हणजे माझे वडील, त्या फाटकावर गेटमन होते. मूळचे माणकडचे, दुष्काळी मुलखातले. पहिल्या महायुद्धात तोफखान्यात भरती होऊन समुद्रापार बसऱ्याला गेले, परत आले आणि जुना शिपाई म्हणून त्यांना ही नोकरी मिळाली. माणला आमची थोडी जमीन होती, पण तिच्यात दगड जास्त आणि हुलगे कमी. फाटक म्हणजे आमचं पोटही होतं आणि डोक्यावरचं छप्परही. हे मला कुणी कधी समजावून सांगितलं नाही, पण आई चौकीचा उंबरा ज्या मायेनं सारवायची, त्यावरून कळायचं.

चौकीच्या बाहेरच्या भिंतीवर, पत्र्याच्या लहानशा टोपीखाली, घंटा होती. पालथ्या वाडग्यासारखी, जाड, काळपट पितळेची. तिच्या काठावर इंग्रजी अक्षरं होती आणि सिग्नलचा फिटर सांगायचा की ती ज्या कंपनीची आहेत, ती कंपनी केव्हाच दुसऱ्या कंपनीत विरून गेली. घंटा आबांपेक्षा वयानं मोठी होती. स्टेशनात मास्तरांनी कळ दाबली की तारेतून ती वाजायची, थोडं थांबून पुन्हा वाजायची. आवाज जरा घोगरा, पण दूरवर पोचणारा. ती वाजली म्हणजे गाडी निघाली. मग आबा फाटकाची दोन्ही लोखंडी दारं ओढून घ्यायचे, कुलूप घालायचे, आणि कुलपातून निघालेली किल्ली चौकीतल्या दांड्याला लावायचे. तेव्हाच तो दांडा ओढता यायचा आणि तेव्हाच लांब उभ्या असलेल्या सिग्नलचा लाल हात खाली पडायचा, म्हणजे गाडीला वाट मोकळी. फाटक उघडं असलं तर दांडा जागचा हलायचा नाही आणि गाडी सिग्नलच्या पलीकडंच थांबायची. सिग्नलही तसाच जुना, लाकडी हाताचा. दुसरं महायुद्ध चालू होतं, नवीन लोखंड सगळं तिकडं जात होतं, म्हणून जुन्यालाच तेलपाणी करून चालवायचं असा हुकूम होता. फिटर दर खेपेला घंटेची टोपी काढायचा, पुसायचा आणि म्हणायचा, "म्हातारी अजून ठणठणीत हाय."

आमच्या घरातले आवाज त्या घंटेच्या बेतानं चालायचे. सकाळी आई भाकरी थापायला बसायची. परातीत पीठ मळताना तिच्या बांगड्या वाजायच्या, मग थापण्याचा आवाज, मग तव्यावर पाण्याचा हात फिरल्याचा. लसूण आणि हिरवी मिरची तव्यावरच रगडून केलेला खर्डा, कधी हुलग्याचं माडगं. हुलगे माणहून यायचे आणि आबा माडगं फुंकत फुंकत प्यायचे. गुऱ्हाळं सुरू झाली की फाटकावरून जाणारा एखादा गाडीवान आईच्या हातात काकवीचा तांब्या ठेवून जायचा. त्या काकवीत मोडलेली गरम भाकरी मी आजही विसरलेले नाही. आता माझ्या घरात साखरेला बंदी आहे. डॉक्टर म्हणतात, चवीपुरतंसुद्धा नको. मी मान हलवते आणि काकवीची आठवण काढते. तिला कुणी बंदी घातलेली नाही.

आबांना ऐकू कमी येतं हे मला नेमकं कधी कळलं ते सांगता यायचं नाही. एकदा ते कंदिलाच्या काचा पुसत बसले होते आणि मी पाठीमागून म्हटलं, "आबा, गूळ खाताय?" गूळ म्हटल्यावर न वळणारा तो माणूस नव्हता. मी पुन्हा हाक मारली. मग आईकडं पाहिलं. ती चुलीपाशी होती. तिनं माझ्याकडं पाहून फक्त बोट ओठावर ठेवलं. तेवढ्यावरून मला समजलं की तिला हे ठाऊक आहे, पुष्कळ दिवसांपासून ठाऊक आहे, आणि यावर बोलायचं नाही. बसऱ्याला तोफांच्या शेजारी उभं राहून त्यांच्या कानाला जे झालं होतं, ते वर्षा-वर्षानं वाढत गेलं होतं.

पुढं माझ्या लक्षात येत गेलं की आमच्या घरात एक व्यवस्था आहे. घंटा वाजली की आई काहीतरी निमित्त काढून आबांच्या नजरेसमोरून जायची. कधी घागर घेऊन, कधी कोंबड्या हाकलत. "घंटा वाजली" असं ती कधी म्हणायची नाही. ती समोर आली की आबा उठायचे आणि म्हणायचे, "हां हां, ऐकलं मी." आई म्हणायची, "मी कुटं काय म्हनलं?" नंतर मीही तेच करायला शिकले. मी दोरीवर उड्या मारत त्यांच्यासमोर जायची. आबांना नेहमीच्या गाड्यांच्या वेळा सावलीवरून कळायच्या आणि एक गोष्ट त्यांची स्वतःची होती. ते अनवाणी असायचे. गाडी अजून वळणाआड असतानाच रुळाशेजारच्या मातीत तिची थरथर त्यांच्या तळव्यांना लागायची. त्यामुळं ते स्वतःलाही पटवत असावेत की आपल्याला अजून ऐकू येतं. बोलणं मात्र कमी होत गेलं. कुणी प्रश्न विचारला आणि उत्तर चुकलं तर, या भीतीनं ते गप्प राहायला लागले. गाडीवान म्हणायचे, "आबा लय मोठा मानूस, पर बोलत न्हाई." माझी आईही त्यांच्याबरोबर हळूहळू गप्प झाली. घरात आवाज असायचे ते भांड्यांचे.

मी सातवीत होते. मराठी सातवीच्या परीक्षेला तेव्हा फायनल म्हणत आणि ती पास झालं की मास्तरीण होता यायचं. आमच्या शाळेत सातवीला आम्ही दोघीच मुली. मला शिकवायचं हा आबांचा हट्ट. परीक्षेचं ठिकाण तासगावला होतं आणि मला सोबत घेऊन जायचं ज्यांनी कबूल केलं होतं, त्या मैत्रिणीच्या वडिलांना नेमका शेवटच्या दिवशी ताप भरला. मला एकटीला सोडायचं नाही म्हणून आई निघाली. जाताना ती फाटकापाशी घुटमळली. आबा म्हणाले, "जावा की तुमी. दुपारची गाडी तुमी आल्यावरच हाय. मला काय ऐकू येत न्हाई व्हय?" आई माझा हात धरून निघाली. ते वाक्य आबा पहिल्यांदाच उघड बोलले होते, आणि उलटं बोलले होते.

पेपर चांगला गेला. परतताना एका बैलगाडीनं आम्हाला अर्ध्याहून अधिक वाट आणून सोडलं आणि उरलेली वाट आम्ही चालत निघालो. ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. उसाच्या फडाच्या कडेनं येताना शिट्टी ऐकू आली. इंजिनाची लांबलचक शिट्टी. ती थांबली आणि पुन्हा सुरू झाली. आई जागीच उभी राहिली. म्हणाली, "गाडी उभी हाय गं." आणि मग पायातल्या वहाणा हातात घेऊन ती पळत सुटली. मी माझ्या आईला त्याआधी कधी पळताना पाहिलेलं नव्हतं.

आम्ही फडाच्या टोकाला आलो तेव्हा मला जे दिसलं ते अजून दिसतं. फाटक सताड उघडं. पलीकडं वळणावर, सिग्नलच्या लाल हातापाशी, काळं इंजिन वाफा सोडत उभं. त्याच्या मागं डबेच डबे, आणि खिडक्याखिडक्यांतून खाकी टोप्यांची डोकी. ती वेळेची गाडी नव्हती, लष्कराची खास गाडी होती. शिट्टी कानठळ्या बसतील अशी चालू होती. आणि चौकीच्या सावलीत, रुळांकडं पाठ करून, आबा मांडी घालून बसले होते. मांडीवर कंदिलाची लाल काच होती. ते तिच्यावर तोंडानं वाफ सोडत होते आणि धोतराच्या सोग्यानं ती शांतपणे पुसत होते. सगळ्या शिवारानं ती शिट्टी ऐकली होती. थांबलेल्या गाडीची थरथर मातीत उतरत नाही, त्यामुळं त्यांच्या पायांनाही काही कळलं नव्हतं.

आईच्याही आधी गार्ड पोचला. त्याच्यामागं एक पिकल्या मिशीचा सुभेदार. गार्डनं आबांचा खांदा धरून त्यांना गदागदा हलवलं, तेव्हा ते दचकून उठले आणि काच खाली पडून फुटली. गार्ड हिंदीतून ओरडत होता, झोपला होतास का, कुणाच्या सांगण्यावरून गाडी अडवलीस? आबा त्याच्या ओठांकडं बघत होते. सुभेदार शांतपणे म्हणाला, "थांबा सायेब. मला वाटतंय ह्या मानसाला ऐकू येत न्हाई." हे त्यानं आबांच्या समोर उभं राहून म्हटलं होतं, त्यामुळं त्यांना ते ओठांवरून उमगलं. आबांचा चेहरा पांढरा पडला. ते मान ताठ करून म्हणाले, "येतं. मला समदं ऐकू येतं."

"मंग शिट्टी ऐकून गप बसला हुतास?" सुभेदारानं विचारलं. त्याला आबांना वाचवायचं होतं; बहिरा म्हटलं असतं तर मुद्दाम गाडी अडवल्याचा संशय टळला असता. आबा खाली वाकून काचेचे तुकडे वेचू लागले.

तोवर आईनं दारं ओढून घेतली होती. कुलूप, किल्ली, दांडा. पदर खोचून तिनं दोन्ही हातांनी दांडा ओढला आणि सिग्नलचा हात खाली पडला. गाडी हळूहळू पुढं सरकली. खिडक्यांतले शिपाई आम्हाला हात करत होते. त्यांना काय ठाऊक, की त्यांची थोडीशी खोळंबलेली गाडी आमचं घर घेऊन चालली आहे.

ते दिवस कसे होते हे सांगायला हवं. इंग्रजांविरुद्धच्या चळवळीत आमच्या भागात रात्रीतून तारा तुटत होत्या, रुळांचे जोड उखडले जात होते, कित्येक घरांतली तरणी मुलं रानात लपून होती. अशा वेळी एका गेटमननं भरदिवसा लष्कराची गाडी फाटक उघडं ठेवून अडवली, ही बातमी वाऱ्यासारखी गावात गेली. दिवस मावळायच्या आत गावातली चार-पाच पोरं आमच्या दारात. त्यातला तालमीतला एक जण आबांच्या पाया पडला. "आबा, लय भारी केलंत! शिट्टीवर शिट्टी, आन् तुमी आपलं काच पुसत बसला! असली छाती पायजे." आबांना शब्द कळले नाहीत, भाव कळला. ते कसनुसं हसले. दुसऱ्या दिवशी वाण्यानं आईला गूळ जास्त दिला. गाडीवान फाटकावर थांबून रामराम घालू लागले. आबा एकाएकी गावातले वीर झाले आणि त्याच कारणानं तासगावच्या फौजदाराचा निरोप आला, की चौकशीसाठी लवकरच येतो, गाव सोडून जायचं नाही.

त्या दिवसांत आईनं पहिल्यांदा आबांशी त्या विषयावर बोलायचं धाडस केलं. चुलीसमोर बसून, त्यांचा चेहरा आपल्याकडं वळवून, सावकाश. "म्हना की घंटाच वाजली न्हाई. लय जुनी झालीया ती. फिटरबी म्हनंल जुनी हाय म्हनून. कोन खोटं म्हननार हाय?"

मला ते अगदी पटलं. घंटेला कोण तुरुंगात टाकणार होतं? आबांनी हातातला भाकरीचा तुकडा खाली ठेवला. मग म्हणाले, "आन् मास्तरांचं काय?"

आमचे स्टेशनमास्तर हुबळीकडचे. मराठी बोलताना मधूनच कानडी हेल यायचा. आमच्या घरी नवा गूळ आला की आई त्यांच्या घरी पाठवायची आणि त्यांच्या बायकोकडून आम्हाला जोंधळ्याची पातळ, कडक भाकरी यायची. कळ दाबायचं काम त्यांचं. घंटा वाजली नाही म्हटलं तर पहिला प्रश्न त्यांनाच आला असता, की तुम्ही ती वाजवलीत का. आणि तारा तुटायच्या त्या दिवसांत त्या प्रश्नाचं पुढं काय झालं असतं ते सांगता येत नव्हतं. आईनं मान खाली घातली. तिनं तो विषय पुन्हा काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा मला बाहेर घेऊन गेले. रुळाच्या कडेला आम्ही बसलो. त्यांनी मला समोर बसवलं, तोंड दिसेल असं, आणि विचारलं, "हिरा, खरं सांग. शिट्टी लय येळ वाजत हुती?"

मी मान हलवली.

"तुला कुठपासनं ऐकू आली?"

"फडाच्या पल्याडनं, आबा. वड्यापासनं."

त्यांनी ओढ्याकडं बघितलं. तिथून फाटकापर्यंतचं सगळं अंतर त्यांनी नजरेनं मापलं. मला वाटलं ते रडतील, पण ते रडले नाहीत. म्हणाले, "मला वाटायचं, थोडं तरी येतंय. तुजी आई म्होरनं जायची, तरी मी मनात म्हनायचो, घंटा मीच ऐकली." मग माझ्या डोक्यावर हात ठेवून उठले. त्यांच्या मनात काय ठरलं ते मला तेव्हा कळलं नाही. फक्त त्या दिवशी तालमीतली पोरं पुन्हा आली तेव्हा आबांनी त्यांना बसवून घेतलं आणि सरळ सांगितलं, "पोरांनो, मी काय गाडी अडिवली न्हाई. मला ऐकू आलं न्हाई. तुमी करताय त्ये तुमी, माज्या नावावर नगं." पोरं एकेक करून उठून गेली. वाण्याचा गूळ पुन्हा नेहमीइतका झाला.

चौकशीला रेल्वेचा इन्स्पेक्टर रुळांवरच्या ट्रॉलीवरून आला, फौजदार घोड्यावरून. मास्तरही आले होते. चौकीसमोर दोन खुर्च्या मांडल्या. आईनं चहा केला, त्याला कुणी हात लावला नाही. आबांनी जुना शिपाई कोट घातला होता. इन्स्पेक्टरनं विचारायच्या आत तेच बोलले. "सायेब, मी बहिरा हाय. घंटा वाजली आसंल, मास्तर खोटं बोलायचे न्हाईत. शिट्टीबी वाजली. मला ऐकू आली न्हाई."

फौजदार हसला. "परवा गार्डसमोर तर म्हणालास, सगळं ऐकू येतं. आता बहिरा? बरं सुचलं." आबांना ते कळलं नाही. मास्तरांनी त्यांच्यासमोर येऊन हातवाऱ्यानं सांगितलं. आबा म्हणाले, "तवा लाज वाटली, सायेब."

इन्स्पेक्टर प्रौढ, रुक्ष माणूस होता, पण घाई करणारा नव्हता. त्यानं ट्रॉलीवाल्याला स्टेशनकडं पाठवलं आणि सांगितलं की तिथल्या माणसाला घंटा वाजवायला लाव. आबांना त्यानं घंटेकडं पाठ करून, तोंड उसाच्या फडाकडं करून उभं केलं. "घंटा वाजली की हात वर करायचा," असं मास्तरांनी त्यांना समजावलं. आबा सावधान उभे राहिले, पलटणीत उभे राहायचे तसे. आम्ही सगळे भिंतीशी. फौजदार त्यांच्या अगदी समोर जाऊन उभा राहिला, त्यांच्या डोळ्यांवर नजर रोखून.

घंटा वाजली.

मला त्या घंटेचा आवाज तोवर कधी मोठा वाटला नव्हता. त्या दिवशी ती माझ्या छातीत वाजली. थोडं थांबून पुन्हा वाजली. फडातून बगळे उडाले. आबांचा हात खालीच होता. पापणीसुद्धा हलली नाही. घंटा शेवटची वाजून थांबली, तिचा घोगरा नाद पत्र्याच्या टोपीत विरून गेला, आणि तरी आबा तसेच उभे. ते अजून वाट बघत होते. त्यांना वाटत होतं ती वाजायची आहे. फौजदारानं नजर काढून घेतली आणि तो घोड्याकडं निघून गेला. इन्स्पेक्टर टोपी काढून हातात फिरवत राहिला. संपलं असं त्यांना जाऊन सांगायला कुणाचंच पाऊल उचलेना. शेवटी मी गेले आणि त्यांचा हात धरला.

"झालं?" आबांनी विचारलं. "वाजली?"

"वाजली, आबा."

त्यांनी फक्त मान हलवली. साठ वर्षांहून जास्त काळ झाला असेल. मी पुढं शिक्षिका झाले, शेकडो मुलं माझ्या हाताखालून गेली, पुष्कळ मानाचे प्रसंग पाहिले. पण त्या उन्हात सावधान उभ्या राहिलेल्या माणसापेक्षा ताठ माणूस मला आठवत नाही.

इन्स्पेक्टर खुर्चीवर बसला आणि त्यानं थंड झालेला चहा उचलला. मग त्यानं जो प्रश्न विचारला, त्याला आम्ही सगळे घाबरत होतो. "हा माणूस घंटा ऐकत नाही. आणि या फाटकाबद्दल आजवर एक तक्रार नाही. मग घंटा ऐकत होतं कोण?"

मास्तर आपल्या बुटांकडं बघू लागले. तेव्हा आई पुढं झाली. डोईवरचा पदर तिनं नीट केला, पण आवाज मोठा होता. तिचा तो आवाज मी कितीतरी दिवसांनी ऐकत होते.

"मी ऐकत हुते. न्हाईतर ही पोर. फाटकबी कैकदा मीच लावलंय. त्या दिवशी आमी दोगीबी हितं नव्हतो, म्हनून गाडी हुबी ऱ्हायली. आता तुमीच सांगा, सायेब, ह्या फाटकाचा गेटमन कोन म्हनायचा?"

इन्स्पेक्टरनं तिच्याकडं पाहिलं. तो रागावला होता हे दिसत होतं. इतकी वर्षं नियम मोडला म्हणून रागावणं बरोबरच होतं, आणि तो बोललाही तसं. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग मास्तर घसा खाकरून म्हणाले, "साहेब, मिरजेच्या खाली एक-दोन फाटकांवर बायका आहेत की हो. रेल्वेच्या खलाशांच्या, रुळांवर राबणाऱ्या गँगवाल्यांच्या बायका. काम चोख करतात." इन्स्पेक्टरनं चहाचा कप खाली ठेवला. उठून चौकीत गेला, दांडा हलवून पाहिला, बाहेर येऊन म्हणाला, "बाई, आता स्टेशनातून पुन्हा घंटा द्यायला सांगतो. गाडी येतेय असं समजा." आणि घंटा झाल्यावर आईनं दारं ओढली, कुलूप घातलं, किल्ली लावली, दांडा ओढला, हिरवं निशाण घेऊन रुळाच्या बाजूला जाऊन उभी राहिली. नसलेल्या गाडीकडं तिनं अशा चेहऱ्यानं पाहिलं की मला खरंच डबे जाताना दिसले. इन्स्पेक्टर ट्रॉलीवर बसला. कळवतो, एवढंच म्हणाला.

मग आले ते वाट बघण्याचे दिवस. स्टेशनातला एक माणूस हंगामी म्हणून फाटकावर बसायला लागला. आई त्याला भाकरी वाढायची आणि आपल्याच घरात पाहुण्यासारखी वावरायची. तिनं गाठोडी बांधायला घेतली होती. माणच्या चुलत्यांना निरोप धाडला होता. आबांनी चौकीतले सगळे कंदील काढून लख्ख पुसून ठेवले, जाताना कुणी नाव ठेवू नये म्हणून. माझ्या परीक्षेचा निकाल त्याच सुमारास आला. मी पास झाले होते. आबांना सांगायला मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि तोंड मोठं करून म्हटलं, "पा-स!" त्यांनी मला उचललं. मी काही उचलण्याच्या वयाची नव्हते, तरी उचललं.

एका सकाळी मास्तर स्वतः रुळावरून चालत आले. डोक्यावर छत्री, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेल्या कडक भाकऱ्या, बायकोनं दिलेल्या. दुरूनच त्यांचं हसू दिसत होतं. आईच्या हातात भाकऱ्या देऊन ते म्हणाले, "सोडा ती गाठोडी. फाटक तुमच्याकडं दिलंय. आणि ह्यांना माझ्याकडं, स्टेशनात. बत्तीखोलीत. कंदिलांना ह्यांच्यासारखा हात कुणाचा आहे?" आईनं ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग ती आबांकडं वळली आणि त्यांना सांगायला लागली, पण तिला शब्दच फुटेनात. शेवटी तिनं त्यांच्या हातातलं गाठोडं ओढून घेतलं आणि त्याची गाठ सोडली. आबांना कळलं.

ती घंटा पुढं कितीतरी वर्षं चालू राहिली. माझं लग्न होऊन मी साताऱ्याला गेले, देश स्वतंत्र झाला, संस्थानं गेली, तरी माहेरी आले की पहिला आवाज तिचाच. रूळ रुंद झाले तेव्हा ते फाटक गेलं. आता तिथं खालून रस्ता आहे म्हणतात. मी बघायला गेलेली नाही.

पण मला सांगायचाय तो आई कामावर रुजू झाली तो पहिला दिवस. आबा सकाळी भाकरी बांधून घेऊन स्टेशनात गेले होते, संध्याकाळच्या सुमाराला रुळाच्या कडेनं परत येत होते. गाडीची वेळ होती म्हणून आईनं फाटक लावलं होतं. दोन्ही बाजूंना उसाच्या गाड्या थांबलेल्या, बैल रवंथ करत होते. आबा पलीकडच्या बाजूला अडकले आणि मुकाट्यानं गाडीवानांत उभे राहिले. आईनं त्यांना पाहिलं. हातात हिरवं निशाण, आणि ती एवढ्या लोकांसमोर ओरडली, "आवं, भाकरी झालीया! माडगं केलंय!"

आबांनी कानामागं हात नेला. मला वाटलं, आता ते नेहमीसारखं "हां हां, ऐकलं मी" म्हणतील.

"काय?" ते तिकडून ओरडले, साऱ्या शिवाराला ऐकू जाईल असं. "मोठ्यानं बोल की! मी बहिरा हाय!"

गाडीवान हसायला लागले. आईही हसली, निशाणाचा हात पोटावर दाबून, आणि मग तिनं दुसरा हात तोंडाशी धरून सगळं पुन्हा एकदा, आणखी मोठ्यानं सांगितलं.